अपिलात मुलगी नसते, कागद असतात

वकीलताई, नमस्कार. माझी मुलगी 9 वर्षांची असताना माझ्या चुलत दिराने तिला नको तिथे हात लावला. तिने त्याच रात्री मला सांगितलं. घरात कुणी ऐकून घेईना, म्हणून फिर्याद द्यायला मी 17 दिवस लावले. विशेष न्यायालयाने त्याला पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 10 खाली 5 वर्षांची शिक्षा दिली. आता त्याने उच्च न्यायालयात अपील केलं आहे. अपिलाच्या कागदात लिहिलंय की फिर्याद उशिरा दिली, डॉक्टरांना जखम सापडली नाही, हात कपड्यांवरून लावला असं मुलगीच सांगते, पोलिसांना ती ‘दुपारी’ म्हणाली आणि कोर्टात ‘दिवे लावायच्या वेळी’, सासूबाई फितूर झाल्या आणि मालमत्तेच्या वादातून आम्ही हे कुभांड रचलं. पोक्सोमध्ये आरोपीनेच स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करायचं असतं ना? मग हे सगळं परत कशाला? मुलगी आता 13 वर्षांची आहे. तिला पुन्हा साक्षीला बोलावतील म्हणून मी दर रविवारी तिची साक्ष तिच्याकडून वाचून घेते, विसरायला नको. परवा ती म्हणाली, ‘आई, अजून किती वेळा?’ सासूबाई म्हणतात, प्रतिज्ञापत्र दे आणि मिटवून टाक. काय करू? – एक आई

ताई,

आधी येत्या रविवारचं बोलू. ते वाचन बंद करा. अपिलाची भीती वाटते म्हणून तुम्ही ते करताय हे कळतं, पण अपिलात मुलीला बोलावत नाहीत. उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती तिला पाहणारही नाहीत. त्यांच्यासमोर असेल तो एक गठ्ठा: फिर्याद, जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाने विचारलेलं) आणि उलटतपासणी, आरोपीला न्यायाधीशांनी विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं, आणि शेवटी निकालपत्र. जे तपासायचं ते त्यातूनच. तिला जे सांगायचं होतं ते तिने सांगून टाकलं, त्याखाली न्यायाधीशांची सही झाली. ते आता तिच्या लक्षात राहिलं काय आणि ती विसरली काय, अपिलाला काडीचा फरक पडत नाही.

अपवाद आहेत, ते लपवत नाही. अपिलात जादा पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि खटला नव्याने चालवायला परत पाठवण्याचाही आहे. दोन्ही क्वचित घडतं, आणि खटल्यातली उणीव फार मोठी असेल तरच. पण समजा, तसं झालं आणि मुलगी पुन्हा उभी राहिली. आरोपीच्या वकिलांचा पहिला प्रश्न कोणता असेल ते मी आत्ताच सांगते: ‘तुला हे कुणी शिकवलं का?’ मुलगी खरं बोलणारी आहे. ती सांगेल, ‘आई दर रविवारी माझ्याकडून वाचून घेते.’ संपलं. लहान साक्षीदाराबाबत न्यायालयाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती पढवण्याची. आज तिच्या साक्षीवर तो डाग नाही. तो तुम्ही आपल्या हाताने लावू नका.

बरं, कायदा तिला वारंवार बोलावण्याच्या विरुद्धच आहे. पोक्सोच्या कलम 33 मध्ये लिहिलंय की साक्षीसाठी बालकाला पुन्हा पुन्हा न्यायालयात आणायचं नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांचे प्रश्नसुद्धा न्यायाधीशांमार्फत जायचे, आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न तर विचारूच द्यायचे नाहीत. तेव्हा तिच्या ‘अजून किती वेळा?’ला तुम्ही बिनधास्त उत्तर देऊ शकता.

आता तुमच्या मधल्या प्रश्नाकडे येते, कारण तो गैरसमज फार पसरलाय. पोक्सोत आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करायचं असतं, हे अर्धंच खरं आहे. कलम 29 सांगतं की काही ठरावीक गुन्ह्यांत, आणि तुमचा गुन्हा त्यात येतो, आरोपीने तो केला असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. वाचायला सरळ वाटतं. पण हे गृहीतक हवेतून येत नाही. आधी सरकारी पक्षाला पायाभूत गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: मुलगी 18 वर्षांखालची होती, घटना घडली, आणि ती याच माणसाच्या हातून घडली असं दाखवणारा विश्वासार्ह पुरावा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आणि इतर उच्च न्यायालयंही तेच म्हणत आली आहेत. पाया उभा राहिला की मगच कलम 29 कामाला येतं. तिथून पुढे आरोपीला साक्षीदार आणावेच लागतात असंही नाही. उलटतपासणीतून त्याने सरकारी पक्षाच्या कहाणीला भगदाड पाडलं तर तेवढ्यानेही गृहीतक ढासळू शकतं.

तेव्हा ‘कायदा आपल्या बाजूने आहे, बघू काय करतात’ असं म्हणून स्वस्थ बसू नका. बरीच वर्षं मी कायदेविषयक मदतीतून आरोपींची अपिलं चालवली. (हे वाचून तुम्हाला माझा राग येईल कदाचित, पण त्या कामानेच मला हे सदर लिहायला शिकवलं.) माझ्या हातून सुटलेले आरोपी बहुतेक वेळा मुलगी खोटी ठरली म्हणून सुटले नाहीत. कुठे जन्मदाखला नुसता दोषारोपपत्राला जोडलेला होता, कुणी तो सिद्धच केला नव्हता. कुठे मुलीने सरतपासणीत दोनच ओळी सांगितल्या होत्या आणि तिसरी ओळ विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. गृहीतकावर विसंबून सरकारी पक्षाने आळस केला, त्याची किंमत पोरीने मोजली.

तुमच्याकडे निकालपत्राची प्रत आहे. त्यात जन्मदाखल्याला ‘निशाणी’ क्रमांक, म्हणजे न्यायालयाने पुराव्यात घेतलेल्या कागदाला दिलेला क्रमांक, पडलाय का, तेवढं बघा. पडला असेल तर वयाचा मुद्दा मिटला. ती 12 वर्षांखालची होती आणि आरोपी नात्यातला, म्हणूनच साध्या लैंगिक हल्ल्याचं कलम 8 न लागता गंभीर हल्ल्याचं 10 लागलं. या अपिलात वयावर कुणी बोट ठेवलेलं दिसत नाही.

आता त्यांचे मुद्दे. मी ते माझ्या क्रमाने घेते, कारण सगळे सारख्या वजनाचे नाहीत.

खरा मुद्दा एकच: ‘दुपारी’ आणि ‘दिवे लावायच्या वेळी’. बाकीच्यांना उत्तरं तयार आहेत. याला मात्र जरा बसून कागद बघावे लागतील.

फौजदारी अपिलातला अर्धा वेळ विसंगतीवर जातो. आधीच्या जबाबात एक आणि कोर्टात दुसरं, किंवा आधी नसलेलं काहीतरी कोर्टात नव्याने आलं; या दुसऱ्या प्रकाराला वकील ‘ओमिशन’ म्हणतात. अपील लिहिणारा वकील अशा दहा-बारा जागा काढून ठेवतोच, तो त्याचा धंदा आहे. न्यायमूर्ती त्यातून एकच गोष्ट शोधतात: हा फरक घटनेच्या मुळावर घाव घालतो की नुसती फांदी हलवतो? कुणी केलं, काय केलं, कुठे केलं हे मूळ. किती वाजता, कोणत्या रंगाचा कपडा, आधी दार लागलं की आधी हाक मारली, या फांद्या. फांद्या इतक्या हलल्या की मूळच संशयास्पद वाटायला लागलं, असंही कधी कधी होतं. पण एकट्या फांदीने झाड पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात हे फार नीट उलगडून सांगितलंय. तिथेही मुली तुमच्या मुलीच्याच वयाच्या आसपासच्या होत्या. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: साक्षीदाराच्या डोक्यात फिल्म नसते, की लावली आणि पुन्हा जशीच्या तशी दिसली. घटनेची नेमकी वेळ तर माणसं अंदाजानेच सांगतात, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. मोठ्या माणसांबाबत हे म्हटलं जातं, मग 9 वर्षांच्या मुलीचं काय?

1996 चा पंजाबचा निकाल तर मी नव्या वकिलांना मुद्दाम वाचायला देते. दहावीची परीक्षा देणारी, 16 वर्षांखालची मुलगी. तिला गाडीतून पळवून नेलं होतं. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडताना तिच्याविरुद्ध धरलेल्या गोष्टींत एक अशी होती की फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि मास्टर या गाड्यांतला फरक तिला सांगता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अत्याचार झालेली व्यक्ती गुन्ह्यातली साथीदार नसते, तिच्या साक्षीकडे संशयाने बघण्याचं कारण नाही, आणि ती विश्वासार्ह वाटली तर दुसऱ्या पुराव्याशिवायही शिक्षा देता येते, असं त्यात निःसंदिग्ध म्हटलंय.

आता कागद काढा. मुलीचा पोलीस जबाब बघा. त्यात वाक्य कसं आहे? माझा अंदाज, ‘दुपारी 04.30 वा. चे सुमारास’ असं काहीतरी असेल. हे 9 वर्षांच्या मुलीचं वाक्य नाही, हे पोलीस ठाण्याचं वाक्य आहे. पोक्सोचं कलम 26 म्हणतं की जबाब मूल जसं बोलेल तसा लिहायचा. प्रत्यक्षात लिहिणारा स्वतःच्या सवयीने लिहितो. आणि कोर्टात ती म्हणाली ‘दिवे लावायच्या वेळी’. मुलं घड्याळाने वेळ सांगत नाहीत, घरात काय चाललं होतं त्यावरून सांगतात. हे न्यायाधीशांना उमगतं, फक्त ते कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. शिवाय अपिलाच्या पेपर बुकात, म्हणजे न्यायमूर्तींसमोरच्या त्या गठ्ठ्यात, मराठी साक्षीचं इंग्रजी भाषांतर असतं. ‘दिवे लावायच्या वेळी’चं तिथे नुसतं ‘इव्हनिंग’ झालं असेल तर मुलीचा शब्दच हरवला. तुमच्या वकिलांना मूळ मराठी साक्ष उघडून तो दाखवायला सांगा.

यात आणखी एक पेच आहे. पोलीस जबाब हा स्वतः पुरावा नसतो. त्यातला फरक अपिलात मांडायचा तर आरोपीच्या वकिलाने खटल्यातच दोन पायऱ्या चढलेल्या असाव्या लागतात. पहिली: जबाबातला तो नेमका मजकूर मुलीच्या नजरेस आणून, ‘तू असं सांगितलं होतंस का?’ हे विचारणं. ती नाही म्हणाली की त्या मजकुराला खूण होते, ‘पोर्शन मार्क ए’ वगैरे. दुसरी: तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून ‘हो, मुलीने माझ्यासमोर हा मजकूर सांगितला होता’ हे वदवून घेणं. यातली एक पायरी जरी राहिली, तरी ती विसंगती कायद्याने सिद्ध झालेली नसते, अपिलात कितीही रंगवून सांगितली तरी. किती वकील दुसरी पायरी विसरतात हे बघून तुम्ही थक्क व्हाल. तेव्हा तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत ‘दुपारी’ आलंय का, ते आधी बघा.

मुलीने दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब (जुन्या संहितेतलं कलम 164, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं 183) त्यापेक्षा वजनदार असतो. पण तोही आधार द्यायला किंवा खोडून काढायला वापरायचा. खरा पुरावा म्हणजे तिने न्यायालयात सांगितलं ते. तिन्ही ठिकाणी माणूस तोच, कृती तीच, खोली तीच असेल, तर तुमची बाजू पक्की आहे असं मी म्हणेन.

‘एकच साक्षीदार’ हा मुद्दा त्यांनी वेगळा घातला नसला तरी युक्तिवादात येईल. 2012 च्या एका निकालातला ‘स्टर्लिंग विटनेस’ हा शब्द तुम्हाला ऐकू येईल, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही न डगमगणारा, बावनकशी साक्षीदार. आरोपीचे वकील म्हणतील, ही मुलगी तशी नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितलेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि मधले. पहिला एकटाही पुरतो. मधल्याला कुठून तरी आधार लागतो. समजा, न्यायालयाने तुमच्या मुलीला मधल्यात धरलं, तर आधार कुठला?

तो आधार तुम्ही आहात, ताई. तुम्ही स्वतःला 17 दिवसांसाठी कोसताय, आणि तिने त्याच रात्री तुम्हाला सांगितलं हे एका ओळीत उरकून पुढे गेलात. 1951 मध्ये निकाल लागलेल्या राजस्थानच्या प्रकरणात मुलगी साधारण 8 वर्षांची होती. तिने काही तासांत आईला सांगितलं होतं. सत्र न्यायाधीशांनी आरोपीला सोडलं, कारण त्यांना वाटलं की दुसरा आधार असल्याशिवाय कायद्याने शिक्षा देता येत नाही. उच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधार मागणं हा कायद्याचा नियम नाही, सावधगिरीचा भाग आहे, आणि घटनेच्या लगेच नंतर मुलीने आईला सांगितलेलं हा आधार ठरू शकतो. त्या मुलीला तर शपथही दिली नव्हती. न्यायालय म्हणालं, त्याने साक्ष बाद होत नाही. तुमच्या साक्षीत ‘त्याच रात्री’ हे शब्द आलेत का, ते शोधा. तो परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित करून वकिलांकडे द्या.

मग 17 दिवसांचं काय? उशीर हा आपोआप घातक नसतो. विचार होतो तो कारणाचा. घरचाच माणूस, घरचेच ऐकत नव्हते, हे कारण न्यायालयांनी असंख्य वेळा मान्य केलंय. अट एवढीच की ते कारण तुम्ही साक्षीत सांगितलेलं असावं. आज मला लिहिलंत तसं तेव्हा न्यायाधीशांपुढे बोलला असाल तर चिंता नको. बोलला नसाल तर हा मुद्दा जरा जड जाईल, पण मुलीने त्याच रात्री सांगितलं होतं ही गोष्ट तिथेही उभी राहते.

जखम नाही, यावर मी फार थांबणार नाही. ज्या कृत्याचा आरोप आहे त्याने जखम व्हायचं कारण काय? आणि 17 दिवसांनी डॉक्टर काय बघणार? पण हा मुद्दा किती घात करू शकतो ते आपल्याच राज्याने पाहिलंय. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचं वय 14 ते 16. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूरला उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर रान उठलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. अपिलात एका चुकीच्या तर्काने काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

कपड्यांवरून हात लावला, हा मुद्दा आता मेलेला आहे. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की त्वचेचा त्वचेला स्पर्श नसेल तर पोक्सोचा लैंगिक हल्ला होत नाही. खुद्द ॲटर्नी जनरल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 18 नोव्हेंबर 2021 ला तो निकाल रद्द झाला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, मध्ये कापड होतं की नव्हतं याला नाही. अपील लिहिणाऱ्याने हे अजून कसं ठेवलं याचं आश्चर्य वाटतं. जुना मसुदा उचलून चिकटवला असावा.

सासूबाई फितूर झाल्या. त्याने त्यांची अख्खी साक्ष पुसली जात नाही. घटनेच्या वेळी आरोपी घरात होता एवढं जरी त्यांच्या तोंडून आलं असेल तरी ते वापरता येतं.

मालमत्तेचा वाद मात्र हलका घेऊ नका. वाद असतो तेव्हा खोट्या तक्रारी होतात, हे मी नाकारणार नाही. मी तशा पाहिल्या आहेत. म्हणून न्यायालयाने हे तपासायलाच हवं, आणि तुमच्या प्रकरणात तपासलं म्हणून रागावू नका. पण वाद ही दुधारी सुरी आहे. वाद होता म्हणून खोटं गुंतवलं, असं जसं म्हणता येतं, तसंच वाद असूनही त्या माणसाचं घरात येणं-जाणं चालू होतं, असंही. आणि नुसता वाद दाखवून भागत नाही. मुलीच्या साक्षीत मोठ्यांच्या भांडणाचा वास येतो का, हे बघितलं जातं. तिच्या उलटतपासणीत ‘आईने सांगितलं म्हणून बोलतेस ना?’ हा प्रश्न आला असेल. तिचं उत्तर काय होतं ते वाचा. (तुम्ही वाचा. तिच्याकडून नको.)

प्रतिज्ञापत्र देऊ नका. हा गुन्हा तडजोडीने मिटणारा नाही. घरच्यांनी आपसात मिटवलं म्हणून एका उच्च न्यायालयाने रद्द केलेलं पोक्सोचं प्रकरण नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं. तुम्ही शपथेवर एक साक्ष दिली आहे. आता शपथेवर त्याच्या उलट लिहाल तर खोटी साक्ष दिल्याचं बालंट तुमच्यावर येऊ शकतं, आणि मुलीला कळेल ते वेगळंच. सासूबाईंना एवढंच सांगा की वकिलांनी सही करायला मनाई केली आहे. माझं नाव घ्या हवं तर.

दोन कटू गोष्टीही सांगते. शिक्षा ठरावीक मुदतीची, तीही 5 वर्षांची असेल, तर अपील चालू असताना ती स्थगित करून आरोपीला जामीन देण्याकडे न्यायालयांचा कल असतो, कारण अपील निघेपर्यंत शिक्षाच भोगून संपू नये. तो बाहेर आला म्हणजे अपील जिंकला, असं नाही. त्या अर्जाच्या वेळी तुमचं म्हणणं मांडायचा तुम्हाला हक्क आहे. पीडित व्यक्तीला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. त्याने मुलीच्या शाळेच्या, घराच्या आसपास फिरकू नये अशा अटी तिथेच मागायच्या. ते होऊन गेलं असेल आणि तो त्रास देत असेल, तर अटी वाढवून मागता येतात.

दुसरी: अपिलात तो सुटू शकतो. फौजदारी कायद्यात ‘वाजवी संशयापलीकडे’ हे माप आहे आणि ते मुद्दाम कडक ठेवलंय. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. ‘संशयाचा फायदा देऊन मुक्त’ या शब्दांचा अर्थ ‘मुलगी खोटं बोलली’ असा होत नाही. कागदावरचा पुरावा त्या मापाला उतरला नाही, एवढाच होतो. वेळ आलीच तर हा फरक घरात सगळ्यांसमोर, सासूबाईंसमोरसुद्धा, तुम्हाला मोठ्याने सांगावा लागेल. मग सर्वोच्च न्यायालयाची वाट आहेच. आणि दुसऱ्या बाजूचं सांगायचं तर, आरोपीच्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. ती कमी वाटत असेल तर अपील सरकारने करायचं असतं, तुम्हाला तो मार्ग नाही. नुकसानभरपाई अपुरी वाटत असेल तर मात्र तुम्ही स्वतः अपील करू शकता.

आता कामाचं. उच्च न्यायालयात बाजू सरकारी वकील मांडतील, पण त्यांच्या टेबलावर अशी कैक प्रकरणं असतात. पोक्सोच्या कलम 40 खाली तुम्हाला स्वतःचा वकील देता येतो. पैसे नसतील तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बालकांना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन केलात तर कुठे जायचं ते सांगतील. वकील मिळाले की त्यांच्या हातात एकच पान द्या. डावीकडे अपिलातले त्यांचे मुद्दे, उजवीकडे प्रत्येकासमोर साक्षीचा निशाणी क्रमांक आणि परिच्छेद क्रमांक, जिथे त्याचं उत्तर आहे. ‘त्याच रात्री’ कुठे आहे, उशिराचं कारण कुठे आहे, तपास अधिकारी ‘दुपारी’बद्दल काय म्हणाले. दुःख लिहू नका, क्रमांक लिहा. रविवारी मोकळा झालेला तास याला वापरा, मुलगी बाहेर खेळायला गेलेली असताना.

साक्षीच्या प्रती एका पाकिटात घालून कुलपात ठेवा, आणि निकालपत्राचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, आपल्या माणसांच्या ग्रुपवरसुद्धा. मुलीची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वरच्या न्यायालयांतल्या कामकाजालाही लागू केली आहे. अपिलाच्या कागदांवर तिचं नाव कुठे उघडं दिसत असेल तर वकिलांकडून ते झाकायचा अर्ज करून घ्या. पुढची तारीख कळली की मला लिहा. फक्त पत्रात तिचं नाव नको. या वेळी तीन ठिकाणी लिहिलं होतंत, मी तिन्ही खोडली आहेत.